रॉबी विल्यम्स एकटा नव्हता

बॉय बँड सोडून एकट्याच्या नावावर पॉप संगीतात राज्य करणाऱ्या गायकाची गोष्ट ठरलेल्या पद्धतीनेच सांगितली जाते. इंग्रजी वृत्तपत्रे ती तशी सांगतात, चरित्रपट तशी सांगतात आणि मराठीत या संगीताविषयी जे थोडेफार लिहिले जाते तेही तीच री ओढते. एक धूर्त मॅनेजर पाच देखणी पोरे गोळा करतो. त्यांना एकसारखे कपडे चढवतो, मोजूनमापून नाचवतो, दुसऱ्यांनी रचलेली गाणी त्यांच्या तोंडी घालतो आणि शाळकरी मुलींच्या खाऊच्या पैशांवर गब्बर होतो. त्या पाचांत एक जण मात्र खरा कलावंत असतो. त्याचा जीव घुसमटतो. शेवटी तो दाव्याला हिसका देऊन बाहेर पडतो आणि तेव्हा कुठे त्याची कला जगाला दिसते. बँड म्हणजे तुरुंग, सुटून गेला तो सर्वांत गुणी, आणि पुढचे यश त्याच्या एकट्याच्या मनगटाचे, असा हा सिद्धान्त आहे.

माझ्या मते हा सिद्धान्त पुराव्यापुढे टिकत नाही. शिवाय ज्या श्रोत्यांनी या गायकांना मोठे केले त्यांच्यावर तो धडधडीत अन्याय करतो. म्हणून त्याचे खंडन सविस्तर व्हायला हवे.

उदाहरण घेतो ते प्रतिपक्षाला सर्वांत सोयीचे वाटणारे: रॉबी विल्यम्सचे. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामासाठी नावाजलेल्या शहरात १९७४ साली त्याचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी तो मँचेस्टरच्या नायजेल मार्टिन-स्मिथने जमवलेल्या 'टेक दॅट'मध्ये दाखल झाला. गॅरी बार्लो, मार्क ओवेन, हॉवर्ड डोनाल्ड, जेसन ऑरेंज आणि हा. पाचांत सर्वांत धाकटा. जुलै १९९५ मध्ये तो बाहेर पडला आणि पुढच्या फेब्रुवारीत बँडच मोडला. नंतरच्या दहा वर्षांत त्याने ब्रिटनमध्ये जे कमावले त्याला तोड शोधावी लागते. ऑगस्ट २००३ मध्ये नेबवर्थच्या मैदानावर सलग तीन रात्री मिळून पावणेचार लाख माणसे त्याला ऐकायला आली. टेक दॅटच्या वाट्याचे धरून १८ ब्रिट पुरस्कार त्याच्या नावावर आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेल्या त्याच्या अल्बमांची संख्या पंधरा झाली आणि त्याने बीटल्सशी बरोबरी केली.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याच्या खंडनाला काही किंमत राहत नाही. म्हणून प्रतिपक्षाची जमेची बाजू आधी मोकळेपणाने सांगतो. टेक दॅटमध्ये मॅनेजरचा जाच होता. पोरांना मैत्रिणी असल्या तरी त्या लोकांना दिसता कामा नयेत, असा दंडक होता. गाणी बहुतेक बार्लोची, त्यामुळे रचनेचे मानधनही त्याचे. बाकीच्यांनी घाम गाळायचा. रॉबी त्या काळात दारूच्या पूर्ण आहारी गेला होता आणि त्या दिवसांच्या जखमा त्याने पुढे वारंवार बोलून दाखवल्या. 'बेटर मॅन' या २०२४ च्या चरित्रपटात तर पडद्यावर त्याच्या जागी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक चिंपांझी दिसतो, कारण त्याने स्वतःला खेळातले माकड मानले होते. हे सगळे मला मान्य आहे. कोवळ्या वयातल्या मुलांना असे वागवणे वाईटच. पण एखाद्या जागी माणसाला त्रास झाला, एवढ्यावरून त्याचा पुढचा उत्कर्ष त्या जागेला डावलून झाला असे ठरत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा लागतो आणि तो कोणी देत नाही.

आता पहिला मुद्दा: जो गुणी तो तरतो. टेक दॅटमध्ये सर्वांत गुणी कोण, हा प्रश्न १९९६ साली लंडनमधल्या कोणत्याही रेकॉर्ड कंपनीत विचारला असता तर उत्तरासाठी कोणी क्षणभर थांबले नसते. गॅरी बार्लो. पियानो त्याचा, मुख्य आवाज त्याचा, चाली त्याच्या. गीतलेखनासाठीचा मानाचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार त्याला बँडमध्ये असतानाच मिळालेला. पुढचा जॉर्ज मायकेल हाच, असे जाणकार छातीठोकपणे सांगत. आरंभही तसाच झाला. १९९६ मध्ये त्याचा पहिला सिंगल पहिल्या क्रमांकावर गेला, पुढच्या वर्षी दुसरा गेला, अल्बमही गेला. आणि मग उतरण लागली ती लागलीच. १९९९ मधला दुसरा अल्बम असा आपटला की कंपनीने त्याचा करार संपवला. रॉबीची विक्री शिखराला पोचत होती त्याच सुमारास बार्लो घरी बसला होता.

गुणवत्तेच्या कसोटीने या दोन आयुष्यांचा उलगडा होत नाही. बार्लोची गुणवत्ता १९९९ मध्ये आटली होती म्हणावे, तर २००६ मध्ये रॉबीवाचून पुन्हा उभ्या राहिलेल्या टेक दॅटसाठी याच बार्लोने सोबत्यांसह रचलेले 'पेशन्स' पहिल्या क्रमांकावर कसे गेले? माणूस तोच, हात तेच. अटलांटिकच्या पलीकडेही हाच प्रकार दिसतो. 'एनसिंक'मध्ये आवाजाने उजवा कोण, असे विचारल्यावर अनेक जाणकार जेसी शासेचे नाव घेत. जस्टिन टिम्बरलेकने २००२ मध्ये एकट्याचा अल्बम काढला आणि तो जगभर गाजला. शासेचा २००४ मधला अल्बम बुडाला. बँडमधून सर्वांत गुणी माणूस वर येतो, हा नियम दोन्ही देशांत फोल ठरला आहे.

दुसरा मुद्दा एकटेपणाचा. रॉबी 'एकटा' झाला तेव्हा प्रत्यक्षात काय घडले ते पाहू. जून १९९६ मध्ये त्याने क्रिसालिस कंपनीशी करार केला. पहिला सिंगल दुसऱ्याच्याच गाण्याचा: जॉर्ज मायकेलचे 'फ्रीडम'. तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. पण सप्टेंबर १९९७ च्या शेवटी पहिला अल्बम 'लाइफ थ्रू अ लेन्स' आला तो अकराव्या क्रमांकावर आणि तिथूनही घसरत गेला. त्यातला एक सिंगल आठव्यावर अडकला, त्यापुढचा चौदाव्यावर. आता याचे काही खरे नाही, अशी कुजबुज सुरू झाली होती. तुरुंगातून सुटून सव्वादोन वर्षे झाली होती. स्वातंत्र्याच्या जोरावर जे व्हायचे ते एव्हाना व्हायला हवे होते.

गाडी रुळावर आली ती डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या 'एंजल्स'मुळे. त्या गाण्याच्या पाठीमागे गाय चेंबर्स हा माणूस होता. 'वर्ल्ड पार्टी' आणि 'द लेमन ट्रीज' या बँडमधून तावून सुलाखून निघालेला हा वादक-संगीतकार १९९७ च्या आरंभी रॉबीला भेटला आणि २००२ पर्यंत त्याच्या जवळपास प्रत्येक गाजलेल्या गाण्यात त्याचा वाटा राहिला. 'एंजल्स'चा पहिला आराखडा डब्लिनमध्ये आपल्यासोबत झाला, असे रे हेफरनन हा आयरिश गीतकारही सांगत आला आहे. त्याला ठराविक रक्कम देऊन हक्क सोडवून घेण्यात आले. म्हणजे ज्या एका गाण्याने रॉबीला रॉबी केले त्याच्याभोवतीच माणसांचा राबता दिसतो. चेंबर्सशी फारकत झाल्यावर २००६ मध्ये आलेल्या 'रूडबॉक्स' या अल्बमवर टीकेची झोड उठली आणि पुढे रॉबीने चेंबर्सचे दार पुन्हा ठोठावले. पाच जणांची संगत सोडून तो दुसऱ्या संगतीत गेला एवढेच फार तर म्हणता येईल.

यावर चाणाक्ष प्रतिपक्षी म्हणेल: मग श्रेय चेंबर्सला द्या, बँडला कशाला? उत्तर असे की चेंबर्सकडे कसब आधीपासून होते, त्याचा स्वतःचा बँडही होता, आणि तो चालला नव्हता. चालीला गर्दी मिळाली ती रॉबीच्या तोंडून. ही गर्दी त्याला कुठून मिळाली, हा खरा कळीचा प्रश्न आहे, आणि प्रचलित मत नेमके त्यालाच बगल देते.

थोडा हिशेब मांडू. टेक दॅटचे पहिले गाणे पहिल्या क्रमांकावर गेले जुलै १९९३ मध्ये. त्या वेळी बारा-तेरा वर्षांची असलेली मुलगी डिसेंबर १९९७ मध्ये सोळा-सतरा वर्षांची झाली होती. मधल्या काळात तिने काय पाहिले होते? पाचांतला थट्टेखोर, मोकळेपणी बोलणारा, कॅमेऱ्याकडे पाहून वेडीवाकडी तोंडे करणारा पोरगा १९९५ च्या उन्हाळ्यात केस रंगवून, एक दात काळा करून ग्लास्टनबरी महोत्सवात ओएसिस या बँडसोबत धिंगाणा घालताना पाहिला होता. पुढची दोन वर्षे त्याच्या सुटलेल्या अंगाचे आणि लडखडत्या चालीचे फोटो रोज वृत्तपत्रांत पाहिले होते. ओएसिसच्याच नोएल गॅलाघरने त्याला टेक दॅटमधला जाडा नाच्या म्हणून हिणवलेले ऐकले होते. आणि मग त्याच मुलाने आधार मागणारे, शांत, जवळजवळ प्रार्थनेसारखे गाणे म्हटले. अनोळखी गायकाने ते गाणे गायले असते तर ते एक चांगले गाणे म्हणून कानावर पडून गेले असते. इथे ऐकणाऱ्याला गाणाऱ्याचा मागचा सगळा हिशेब ठाऊक होता. 'एंजल्स' चौथ्या क्रमांकापुढे कधी गेले नाही, पण हलायलाही तयार झाले नाही. त्याच्या जोरावर 'लाइफ थ्रू अ लेन्स' बाजारात येऊन अठ्ठावीस आठवडे झाल्यावर, एप्रिल १९९८ मध्ये, पहिल्या क्रमांकावर चढला. २००५ च्या ब्रिट सोहळ्यात गेल्या पंचवीस वर्षांतले सर्वोत्तम गाणे म्हणून श्रोत्यांनी त्याला कौल दिला. इंग्लंडमध्ये आज ते लग्नात वाजते आणि अंत्यविधीतही.

ही ओळख, हा जिव्हाळा, हीच रॉबीची पुंजी होती, आणि ती टेक दॅटमध्ये जमलेली होती. बार्लोकडेही हेच श्रोते होते. मग त्याची पुंजी का उपयोगी आली नाही? कारण बँडमध्ये प्रत्येकाची जागा वेगळी असते. बार्लो पियानोपाशी बसलेला, थोडा अंतर राखून असणारा, कामसू. मुलींना त्याची गाणी आवडत. बोलणे मात्र रॉबीशी चाले. बँड सुटल्यावर बार्लो अमेरिकेतल्या प्रौढ श्रोत्यांना रुचेल असे गुळगुळीत संगीत करायला निघाला आणि घरचे गणगोत मागे पडले. रॉबीने त्यांना बरोबर घेतले. बँडमध्ये त्याच्या वाट्याला आलेली खोडकर पोराची भूमिका त्याने पुढे टाकून दिली नाही. तीच मोठी केली, तिच्यात दुःख मिसळले, तिला वय वाढू दिले.

असे श्रोते विकत घेता येतात, असा समज असणाऱ्यांनी टेक दॅटची पहिली दोन वर्षे पाहावीत. १९९१ मधला पहिला सिंगल ८२ व्या क्रमांकावर राहिला. दुसरा ३८, तिसरा ४७. मॅनेजर तोच, चेहरे तेच, कपडे तितकेच तोकडे. गिऱ्हाईक मात्र येईना. मग या पोरांनी शाळा पालथ्या घातल्या, क्लब पालथे घातले, समलिंगी तरुणांच्या क्लबांत नाचले, दिवसाला एकाहून जास्त ठिकाणी हजेरी लावली. १९९२ च्या मध्यावर सातव्या क्रमांकापर्यंत मजल गेली ती या पायपिटीनंतर. ज्याला कारखाना म्हणून हिणवतात त्यातला माल असा दारोदार फिरून खपवावा लागला होता. आणि त्या दारोदार फिरण्यात सोळा-सतरा वर्षांच्या रॉबीला जे शिकायला मिळाले ते कोणत्याही संगीतशाळेत मिळत नाही. त्याचे वडील पीट कॉनवे रंगमंचावर विनोद आणि गाणी करणारे; म्हणजे बाळकडू घरचेच. पण प्रेक्षक गप्प बसला तर काय करायचे, मागच्या रांगेतल्या मुलीपर्यंत नजर कशी पोचवायची, चार जण नाचत असताना आपल्याकडे लक्ष कसे ओढायचे, हा रियाज टेक दॅटमध्ये झाला. 'कुड इट बी मॅजिक' या १९९२ च्या गाण्यात मुख्य आवाज रॉबीचा होता आणि पुढच्या वर्षी त्या गाण्याला सर्वोत्तम सिंगलचा ब्रिट मिळाला. 'एव्हरीथिंग चेंजेस'ही त्याच्याच आवाजात पहिल्या क्रमांकावर गेले. त्याला गाऊच दिले नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

नेबवर्थचे चित्रीकरण उपलब्ध आहे. शंका असेल त्याने ते डोळे उघडे ठेवून पाहावे. रंगमंचाच्या छतापासून रॉबी पायांनी उलटा टांगलेला खाली येतो. डोके जमिनीकडे, हात पसरलेले, समोर सव्वा लाख माणसे. सरळ उभा राहिला की पहिल्याच गाण्यात तो गर्दी हातात घेतो. आवाज? बराच बरा, असामान्य नाही. त्याच्याहून ताकदीचे गळे त्या वर्षीच्या इंग्लंडमध्ये कितीतरी होते. पण तो एका ओळीनंतर थांबतो, भुवई उडवतो, ध्वनिवर्धक लोकांकडे वळवतो, आणि पुढचे कडवे गर्दी म्हणते. प्रत्येक थांबा मोजलेला आहे आणि तरी आत्ताच सुचल्यासारखा वाटतो. त्याच कार्यक्रमात एक पाहुणा येतो: मार्क ओवेन, टेक दॅटमधला. दोघे मिळून 'बॅक फॉर गुड' गातात. बार्लोने रचलेले, टेक दॅटचे. एकट्याच्या कीर्तीच्या सर्वोच्च रात्री, ओएसिसने १९९६ मध्ये दोन रात्री गाजवलेल्या त्याच मैदानावर, तथाकथित तुरुंगाचे गाणे, आणि सव्वा लाख लोकांना ते तोंडपाठ! त्या गर्दीसाठी टेक दॅटचा रॉबी आणि नंतरचा रॉबी ही दोन वेगळी माणसे नव्हतीच.

माझ्या दृष्टीने निर्णायक पुरावा अमेरिकेचा आहे. केवळ गुणवत्ता आणि स्वातंत्र्य यांनी तारा घडत असता तर रॉबी अमेरिकेतही तसाच उगवायला हवा होता. भाषा तीच, गाणी तीच, चेंबर्स तोच, कंपनीचा पैसा तर अधिकच. १९९९ मध्ये निवडक गाण्यांचा अल्बम खास तिथल्या बाजारासाठी काढला. 'मिलेनियम' ७२ व्या क्रमांकावर थांबले. इंग्लंडला वेड लावणारे 'एंजल्स' ५३ व्या. २००२ मध्ये ईएमआयने त्याच्याशी केलेल्या कराराची रक्कम आठ कोटी पौंड असल्याचे छापून आले, आणि त्या करारापाठचा 'एस्केपॉलॉजी' हा अल्बम अमेरिकेत पहिल्या चाळिसांतही आला नाही. लॉस एंजलिसमध्ये तो राहायला गेला तो तिथे त्याला कोणी ओळखत नाही म्हणून. सुमारे अकरा कोटी डॉलर खर्चून केलेला 'बेटर मॅन' तिथल्या चित्रपटगृहांत सपशेल पडला. टेक दॅट अमेरिकेत 'बॅक फॉर गुड' या एकाच गाण्यापुरते माहीत होते. तिथे मुलींनी रॉबीला वाढताना पाहिले नव्हते, घसरताना पाहिले नव्हते. इंग्लंडमधल्या गाण्याखाली जी जमीन होती ती तिथे नव्हती.

आक्षेप येईल: मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे काय? तिथे टेक दॅटचे फारसे नाव नव्हते, तरी २००६ पर्यंत रॉबी तिथली स्टेडियम भरवू लागला होता. हा आक्षेप वजनदार आहे. त्याने माझ्या म्हणण्याला मर्यादा पडते, हे मान्य करतो: जुन्या ओळखीवाचूनही तो काही ठिकाणी जिंकला. पण तिथे तो गेला तेव्हा त्याच्यामागे पंधरा वर्षांचा रंगमंच होता, आणि त्यातली घडणीची पाच वर्षे बँडची. श्रोते मिळाले नसतील. तालीम तर होतीच. दुसरा आक्षेप रिकी मार्टिनच्या पोर्तो रिकोच्या 'मेनुदो'वरून घेता येतो. त्या बँडमध्ये मुलगा वयात आला की बाहेर आणि नवा आत, अशी रीत होती. कितीतरी मुले गेली-आली, रिकी मार्टिन झाला एकच. खरे आहे. बँडमध्ये असलेला प्रत्येक जण तारा होतो असे मी म्हणतच नाही. जो झाला त्याच्या घडणीतून बँड वजा करता येत नाही, एवढेच माझे प्रतिपादन आहे.

मराठी वाचकाला हे पटायला खरे तर अवघड जाऊ नये. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बाहेर पडण्यामागे कुरबुरी होत्या, मानापमान होते. तरी बालगंधर्व किर्लोस्करांच्या तुरुंगातून सुटले म्हणून मोठे झाले, असे कोणत्या मराठी समीक्षकाने लिहिले आहे? आपण म्हणतो की ते किर्लोस्करांत घडले, 'मानापमान'च्या भामिनीने त्यांना महाराष्ट्राच्या घराघरांत नेले, आणि टेंब्यांच्या चालींचे ऋणही आपण विसरत नाही. कंपनी चालवणाऱ्याचा धंदा आणि कंपनीत होणारी कला या दोन्ही गोष्टी एका छपराखाली नांदतात, हे संगीत रंगभूमीने आपल्याला शिकवले आहे. मग मँचेस्टरच्या पोरांना वेगळा न्याय कशासाठी?

तो वेगळा न्याय कशासाठी, याचे माझे उत्तर स्पष्ट आहे. टेक दॅटचे श्रोते मुली होत्या. मुलींना आवडते ते संगीत उथळ, आणि तेच संगीत करणारा माणूस पुढे प्रौढ पुरुषांना आवडू लागला की तो कलावंत, अशी ही छुपी मोजपट्टी आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये बँड मोडल्याचे जाहीर झाले तेव्हा ब्रिटनमध्ये रडणाऱ्या मुलींसाठी मदतीच्या दूरध्वनी सेवा चालवाव्या लागल्या आणि वृत्तपत्रांनी त्याची थट्टा केली. दोन-अडीच वर्षांनी त्याच मुलींनी पैसे मोजून ज्याला डोक्यावर घेतले त्याच्या यशाचे श्रेय मात्र त्याच वृत्तपत्रांनी त्याच्या 'सुटकेला' दिले. क्रिकेटच्या किंवा फुटबॉलच्या संघासाठी रडणाऱ्या मुलाची कोणी अशी टर उडवत नाही. या मुलींनी माणूस अचूक ओळखला होता. जाणकारांनी बार्लोवर पैज लावून ती हरली होती. श्रोता म्हणून त्या अधिक कसलेल्या ठरल्या, हे कबूल करायला कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

यात धंद्याचाही हात आहे. सुटकेची गोष्ट कंपनीच विकते. रॉबीचे पहिले गाणे कोणते निवडले ते आठवा: वॅम या आपल्या जुन्या बँडच्या दिवसांकडे पाठ फिरवताना जॉर्ज मायकेलने १९९० मध्ये केलेले 'फ्रीडम'. स्वातंत्र्याची घोषणासुद्धा तयार, वापरलेली आणि खपण्याची खात्री असलेली. बॉय बँडला बाजारू म्हणणारा समीक्षक जेव्हा एकट्या गायकाच्या बंडावर विश्वास ठेवतो, तेव्हा त्याच बाजाराने पुढच्या कपाटात मांडलेला माल तो घेत असतो. आणि रॉबी स्वतः? त्याच्या दुःखाबद्दल त्याचाच शब्द अंतिम. त्याच्या यशाच्या कारणांबद्दल मात्र त्याची कृती अधिक बोलते. २०१० मध्ये तो टेक दॅटमध्ये परतला. पाचांनी मिळून केलेला 'प्रोग्रेस' पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक खपला. २०११ च्या दौऱ्यात एकट्या वेम्बली स्टेडियमवर आठ रात्री झाल्या. कार्यक्रमाची मांडणी अशी होती: आधी चौघे, मग रॉबी एकटा आपली गाणी घेऊन, आणि त्यानंतर पाचही जण एकत्र. समोर बसलेल्या बायका आता तिशीत होत्या. त्यांना या तिन्ही भागांतली सगळी गाणी येत होती.

हाच वाद आज हॅरी स्टाइल्सच्या निमित्ताने पुन्हा मांडला जातो. 'वन डायरेक्शन'मधून निघून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधरा रात्री गाणारा आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'हॅरीज हाउस'साठी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी घेणारा हा गायक. त्याच्याविषयीही तीच भाषा: टीव्हीच्या स्पर्धेत जुळवलेल्या बँडमधून सुटला आणि कलावंत झाला. पण बँडच्या पहिल्याच अल्बमपासून त्याचे नाव गीतकारांत दिसते आणि २०१४ च्या अल्बमात अनेक गाण्यांवर. गाणे रचायला तो तिथे, दौऱ्यांच्या धबडग्यात शिकला. एकट्याच्या पहिल्या अल्बमपासून किड हार्पून आणि टायलर जॉन्सन त्याच्या जोडीला आहेत. त्याचा बँडमधला सोबती लुई टॉमलिन्सन मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा महोत्सवात गाऊन गेला. तिथे त्याला ऐकायला आलेल्या आपल्याकडच्या मुली त्याला वन डायरेक्शनपासून ओळखतात.

मराठीत या संगीतावर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. हॅरी स्टाइल्सवर लेख लिहायला बसण्यापूर्वी 'मिडनाइट मेमरीज' आणि 'फोर' हे बँडचे दोन अल्बम आरंभापासून ऐका, गीतकारांची नावे वाचा, आणि घरात एखादी पंचविशीतली मुलगी असेल तर तिला विचारा की तिने त्याला पहिल्यांदा कधी ऐकले आणि तिला तेव्हा त्याच्यात काय दिसले. ती सांगेल ते लेखात घ्या, तिच्याच शब्दांत.